काचेतून आलेलं ऊन

काचवाल्याच्या बायकोनं आयुष्यात दोनच गोष्टींचा धसका घेतला होता. एक पाल आणि दुसरा नवऱ्याचा उत्साह. त्या संध्याकाळी दोन्ही एकदम दारात उभे राहिले. नवऱ्याच्या हातात जाळीचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एक हिरवागार इग्वाना, शेपटीसकट दोन हात लांब, गळ्याखाली लोंबती कातडी आणि पाठीवर काट्यांची रांग.

"घरात पाल निघाली तर मी स्टुलावर चढते," ती म्हणाली, "आणि तुम्ही पालीचा आजोबाच उचलून आणलात?"

"अगं, पालापाचोळा खातो. शुद्ध शाकाहारी आहे."

"मग काय करू? ताट वाढू?"

ताट वाढायची वेळ आठवडाभरातच आली, पण ते पुढे.

झालं होतं असं. दुपारी काचवाला औषधवाल्या बाईंकडे खिडकीची फुटकी काच बदलायला गेला होता. बाई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिल्या होत्या. कुणाला कुठली गोळी सोसत नाही, कुणाची साखर किती, हे त्यांना चिठ्ठी न बघता ठाऊक असायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काही भलतंच लिहिलं तर बाई हळूच फोन करायच्या आणि डॉक्टर निमूटपणे दुरुस्ती करायचे. दुकान सुटल्यावर बाई एकट्याच राहत. मग एके दिवशी गॅसवर दूध राहिलं, स्वयंपाकघर धुरानं भरलं, आणि भाच्यानं ठरवून टाकलं की मावशीनं आता आपल्याकडे यायचं. भाच्याच्या इमारतीत जनावर चालत नव्हतं. म्हणून बाई इग्वानासाठी घर शोधत होत्या.

"याला साहेब म्हणते मी," त्यांनी ओळख करून दिली. "काहीही विचारा, मान वरखाली डोलावतो आणि करत काहीच नाही. आमच्या दुकानाची तपासणी करायला यायचे ते साहेब अस्सेच होते."

काचवाला हसला. एवढ्यात साहेब खिडकीच्या कठड्यावर चढला आणि नव्याकोऱ्या काचेवर त्यानं आपला पंजा टेकवला. पाच बोटं, नखं, सगळं स्वच्छ उमटलं. काचवाल्याचं तिथंच पाणी झालं. तीस वर्षांत त्याच्या कामाला असं कुणी हात लावून बघितलं नव्हतं.

"मी नेतो याला," तो म्हणाला. "काचेचा महाल बांधतो त्याच्यासाठी."

बाईंनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि कपाटातून एक वही काढली. "हे घ्या. सगळं लिहिलंय. मी तोंडी काही सांगणार नाही. चाळीस वर्षांत मी एकही डोस तोंडी सांगितला नाही. तोंडी सांगितलेलं माणसं घरी जाईपर्यंत स्वतःला हवं तसं करून घेतात."

बाईंचं हे म्हणणं खरं होतं. फक्त लिहिलेलंसुद्धा माणसं हवं तसं करून घेतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात काम कमी होतं तेव्हा काचवाल्यानं वही उघडली. निळी शाई, टपोरं अक्षर, पानांना आकडे. पहिल्या पानावर पाला: मोहरीची पानं, तुतीची पानं, पालक शक्यतो नको. दुसऱ्यावर किसलेला भोपळा, जास्वंदीचं फूल, अंडं आणि मांस कधीही नाही. तिसऱ्यावर कॅल्शियमची पूड, चमचा सपाट करून. आणि चौथ्यावर: "सकाळी एक तास उघड्यावरचं ऊन. काचेतून आलेलं ऊन चालणार नाही, काच कितीही स्वच्छ असली तरी. ऊन नसेल तेव्हा नळीचा दिवा, दिवसाला दहा तास."

काच कितीही स्वच्छ असली तरी! काचवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो तीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आला होता. ऊन अडवायचं असेल तर रंगीत काच घ्या, साधी काच म्हणजे असून नसल्यासारखी, ती काही म्हणजे काहीच अडवत नाही. हे वाक्य म्हणता म्हणता त्याचे केस पिकले होते. त्यानं कानावरची लाल मेणाची पेन्सिल काढली, काचेवर कापायच्या खुणा करायची असते ती, आणि चौथ्या पानावरच्या त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग वही शेजारच्या फ्रेमवाल्याला नेऊन दाखवली.

"बाईंना औषधं कळतात," तो म्हणाला. "काच मला कळते."

फ्रेमवाला मान हलवून हसला. त्याचं पोट काचवाल्याच्या काचांवर चालत होतं, तो दुसरं काय करणार!

महाल पंधरा दिवसांत उभा राहिला. माणसाच्या उंचीचा, जाड काचेचा, कडा अशा घासलेल्या की गाल लावला तरी ओरखडा येऊ नये. आत वाळकी फांदी, ऊब देणारा दिवा, पाण्याची परात. दिवसभर ऊन येणारी दिवाणखान्यातली खिडकी त्यानं महालाला देऊन टाकली आणि बायकोची शिवणयंत्राची जागा गेली. बाईंनी वहीबरोबर दिलेली ती दिव्याची लांब नळी मात्र त्यानं माळ्यावर टाकली. तिचा जांभळट उजेड काचेवर पडला की काच मळकट दिसायची.

लोक बघायला यायचे. काचवाला पडदा सारायचा आणि म्हणायचा, "अख्खा दिवस उन्हात लोळतो. राजेशाही थाट!" साहेब मान डोलवायचा.

बायकोचं सांगायचं तर पहिले चार दिवस तिनं चिमट्यात पान धरून दार किलकिलं करून आत टाकलं. पाचव्या दिवशी साहेबानं तिच्या बोटांतून जास्वंदीचं फूल अलगद घेतलं, पाकळी पाकळी करत खाल्लं आणि तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिला. त्यानंतर ती स्टुलावर चढायची विसरली. सकाळी स्वतःच्या चहाआधी ती मोहरीची पानं चिरायला बसू लागली, बारीक, एकसारखी, देठ काढून. भोपळा किसायची, पूड भुरभुरायची, चमचा वहीत लिहिल्याप्रमाणे बोटानं सपाट करून. "साहेबांचं ताट झालं का?" असं नवरा चिडवायचा आणि ती खरोखरच ताट घेऊन निघालेली असायची. वही तिनं स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली होती.

"चौथ्या पानावर ही रेघ कसली?" तिनं एकदा विचारलं.

"ते माझं काम आहे. तू तुझी तीन पानं बघ."

तिनं तिची तीन पानं बघितली. पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

चौथ्या महिन्यात साहेबाच्या पायाची बोटं थरथरू लागली. मग तो फांदीवर चढेनासा झाला. खालचा जबडा सुजल्यासारखा दिसायला लागला, मांड्या जाड झाल्या. बायको म्हणाली, काहीतरी बिनसलंय. काचवाला म्हणाला, "बिनसलंय कसलं! गाल भरलेत. बाळसं धरलंय त्यानं. मांड्या बघ, पहिलवान!" आल्यागेल्याला तो त्या मांड्या कौतुकानं दाखवायचा. नंतर त्याला जे जे आठवून लाज वाटायची, त्यात या मांड्यांचा नंबर फार वरचा होता.

मग एका सकाळी बायकोनं दिलेलं पान साहेबाच्या तोंडातून खाली पडलं. त्यानं ते पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्नच केला नाही. तिनं जुना जाळीचा पिंजरा काढला, आणि दोघं दवाखान्यात गेले.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. तिच्या तपासणीच्या खोलीच्या आणि बाहेरच्या बाकांच्या मधली अर्धी काच काचवाल्यानंच बसवली होती. बाहेर बाकांवर कुत्री, मांजरी आणि ओळखीचे चारपाच चेहरे होते. कुणीतरी त्याला हातसुद्धा केला. डॉक्टरनं साहेबाचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. तो वाकला. हाड असं वाकताना काचवाल्यानं कधी बघितलं नव्हतं.

"खायला काय देता?"

बायकोनं पाढे म्हटल्यासारखं सगळं सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. "खाणं अगदी उत्तम आहे. इतकं नीट कुणी करत नाही. मग ऊन कमी पडतंय का?"

"ऊन?" काचवाला पुढे सरसावला. "दिवसभर! सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खास काचेचं घर केलंय मी त्याला, खिडकीत."

डॉक्टरनं मान वर केली. "काका, म्हणजे काचेतून?"

"साधी काच आहे. रंगीत नाही."

"साध्या काचेतूनसुद्धा नाही येत. उजेड येतो, ऊब येते. पण अंगात कॅल्शियम मुरायला उन्हातले जे किरण लागतात, ते काचेतच अडतात. तो इतके दिवस उन्हात बसून उपाशी होता म्हणा ना. हाडं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झालीत." तिनं कागद उलटले. "हा आधी औषधवाल्या बाईंकडे होता ना? त्यांनी काही लिहून नव्हतं दिलं?"

अर्ध्या काचेपलीकडे बाकांवरची कुजबुज थांबली होती. निदान काचवाल्याला तसं वाटलं. तीस वर्षं काच विकणारा माणूस, आणि काचेतून काय जातं ते माहीत नाही, हे उद्या अख्ख्या गल्लीत होणार होतं. त्याच्या तोंडून शब्द आपसूक निघाला.

"नाही."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे खाण्यापिण्याचं सांगितलं होतं," तो सावरून म्हणाला. "उन्हाचं काही नाही."

"आश्चर्य आहे. बाई किती काटेकोर! याला आणायच्या तेव्हा मलाच चार गोष्टी शिकवून जायच्या. वय झालं म्हणायचं."

"हो ना," काचवाला म्हणाला. "वय झालं."

टॅक्सीत बायको पिंजरा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं खिळ्याची वही काढली, चौथं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

"साहेब मुका आहे म्हणून सुटलात," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून औषधं सुरू झाली. ड्रॉपरनं जबड्याच्या कडेतून गुलाबी औषध सोडायचं. बायको डोकं धरायची, काचवाला थेंब मोजायचा. माळ्यावरची नळी खाली आली. रोज सकाळी तासभर तो जाळीचा पिंजरा गच्चीत नेऊन बसायचा, उघड्या उन्हात. त्यानं महालाच्या काचा स्वतःच्या हातानं सोडवल्या आणि बोळात भिंतीला टेकवून ठेवल्या. ये-जा करताना त्यांच्यात त्याचं तोंड दिसायचं. साहेब पिंजऱ्यात अंग पसरून पडायचा आणि एका डोळ्यानं त्याच्याकडे बघायचा. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. इग्वानाला कुठला राग? पण काचवाल्याला त्या डोळ्यासमोर बसणं जिवावर यायचं, आणि तरी तो बसायचा, कारण दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. डॉक्टरनं साहेबाचे जुने कागद मागायला त्यांना फोन केला होता आणि बोलता बोलता सगळं सांगितलं होतं.

"काचवाले," बाईंचा आवाज बारीक झाला होता, "माझ्या हातून फार मोठी चूक झाली हो. मला पक्कं वाटत होतं की मी उन्हाचं लिहिलंय. ओळसुद्धा आठवते मला. पण तुम्ही म्हणता नव्हतं, म्हणजे नसणार. हल्ली माझं असंच होतं. दूध ठेवलेलं आठवत नाही, आणि न लिहिलेलं लिहिल्यासारखं आठवतं. बिचारा साहेब. मला माफ करा."

आता या घडीला माणसानं काय बोलायला हवं, ते शाळेतलं पोरही सांगेल. काचवाल्यालाही ते ठाऊक होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण आधीच्या खोट्याच्या आड तो असा सुखरूप उभा होता, आणि समोरून माफी येत होती.

"असू द्या बाई," तो म्हणाला. "वयाप्रमाणे होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"तुमचं मन मोठं आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो वळला तर दारात बायको, हातात चिरलेल्या पाल्याचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना. बोलायची ते साहेबाशी. "साहेब, तुमच्या शेजारी बसलेत त्यांना सांगा, चहा ठेवलाय." "साहेब, त्या गृहस्थांना विचारा, रात्री जेवणार आहेत का." एरवी काचवाला अशा गोष्टीवर खोखो हसला असता. त्यानं फक्त कपबशी उचलली.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, दुकानात भाचा आला. सभ्य, थकलेला माणूस, काखेत एक लांबट खोका. "काका, मावशीनं पाठवलंय. साहेबासाठी. तिच्या सामानात होतं."

खोक्यात न उघडलेली नवी नळी होती. वर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: बदलायची तारीख, साहेब, दहा तास.

"कशा आहेत बाई?" काचवाल्यानं विचारलं.

"ठीक आहे. म्हणजे, शांत आहे." भाचा स्टुलावर बसला. "किती महिने मी सांगत होतो, मावशी, गॅसला हात लावू नकोस, एकटी खाली उतरू नकोस. भांडायची माझ्याशी. पण तुमच्या त्या वहीचं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं स्वतःहून चाव्या माझ्या हातात दिल्या. तिच्या गोळ्यासुद्धा आता माझी बायको काढून देते. सकाळी बसून असते. मी म्हटलं वाच काहीतरी, तर म्हणते, वाचून काय, राहणार आहे का डोक्यात? एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. उद्या उठून काही भलतं झालं असतं तर? सोमवारी एक जागा बघायला जातोय आम्ही. तिथं चोवीस तास माणूस असतं. तिनंच हो म्हटलं."

काचवाला काही बोलला नाही. तोंड उघडलं होतं त्यानं. भाचा उठला, 'येतो काका' म्हणाला आणि गेला, आणि काचवाला हातात नळी धरून तसाच उभा.

त्या दिवशी त्यानं तीन काचा चुकीच्या कापल्या. दुकानाच्या तिन्ही भिंतींना आरसे लावलेले, छोटे, मोठे, विकायचे. आरशांच्या दुकानात लाज वाटणं फार गैरसोयीचं असतं, तोंड लपवायला भिंतच उरत नाही. तरी त्यानं एक युक्ती काढली. सांगायचं की वहीची पानं चिकटली होती. महालाच्या सांध्यांना लावायचा सिलिकॉनचा चिकटा सांडला, चौथं पान पाचव्याला चिकटलं, परवा अचानक सुटलं. कुणाचाच दोष नाही. बाईंची आठवणही शाबूत आणि आपली अब्रूही. युक्ती त्याला इतकी आवडली की आरशासमोर त्यानं ती दोनदा म्हणून बघितली. आरशातला माणूस तिसऱ्यांदा म्हणायला तयार होईना.

रविवारी दुपारी त्यानं खिळ्याची वही काढली. बायको भोपळा किसत होती.

"चिकटली होती म्हणून सांगतो," तो म्हणाला. साहेबाकडे बघून म्हणाला, कारण आता तीच पद्धत पडली होती.

बायकोनं किसणी खाली ठेवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली. "आणि रेघ? रेघेचं काय सांगाल?"

मेणाची रेघ काचेवरून फडक्यानं निघते, कागदावरून निघत नाही. तरी तो निघाला.

भाच्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. समोर टेबलावर गोळ्यांची डबी होती, सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं नाव, अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी. ते अक्षर बघितल्यावर काचवाल्याला आत यावंसं वाटेना.

"या, काचवाले," बाई म्हणाल्या. "साहेब जगला ना?"

"जगला. पानं धरतो आता. जबडा मात्र थोडा वाकडाच राहणार, डॉक्टर म्हणतात."

"वाकडा," बाई स्वतःशी म्हणाल्या. "माझ्यामुळे."

काचवाल्यानं वही पुढे केली. "बाई, ही... म्हणजे पानं चिकटली होती..."

पुढचं त्याच्या तोंडातून निघालं नाही. बाईंनी वही घेतली, चष्मा लावला आणि पानं उलटली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची नावं, डोस, सगळं वाचलेले ते डोळे चौथ्या पानावर थांबले. मग त्यांनी बोट त्या लाल रेघेवर ठेवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बोटाला मेण लागलं. त्यांनी ते अंगठ्यावर चोळून बघितलं.

"ही काचेवर खुणा करायची पेन्सिल," त्या म्हणाल्या. "माझ्या खिडकीवर केल्या होत्यात."

काचवाल्यानं मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतं."

त्यानं मान डोलावली.

तो वाट बघत होता की आता बाई ओरडतील, वही फेकतील, नीघ म्हणतील. तसं काही व्हावं म्हणून तो जवळजवळ प्रार्थना करत होता. बाईंनी मात्र वही दोन्ही हातांत उचलून डोळ्यांजवळ धरली आणि रेघेखालची ओळ मोठ्यानं वाचली. "काचेतून आलेलं ऊन चालणार नाही, काच कितीही स्वच्छ असली तरी." मग पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा उजळत गेला. "हेच! शब्दन् शब्द हाच! मी आठवत होते ना, अगदी हाच! मी लिहिलं होतं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसायला लागल्या. साहेबाचा जबडा, खोटं बोलणं, चाव्या, सगळं त्या घटकाभर विसरल्या होत्या. त्यांना आनंद झाला होता, इतका की त्यांनी काचवाल्याचा हात धरून दाबला, आणि म्हणाल्या, "बरं झालं हो तुम्ही आलात."

शिवी चालली असती. हे सोसवेना. काचवाल्याला वाटलं, आपण इथून उठून चार मजले पळत उतरावं.

मग हसू ओसरलं आणि बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, काउंटरमागून बघायच्या तसं.

"फोनवर तुम्ही मला माफ केलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुमचे आभार मानले. मन मोठं आहे म्हणाले." मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी हाक मारली. "अरे, इकडे ये जरा. आणि तिलाही बोलव."

भाचा आला, त्याची बायको हात पुसत आली. बाई काचवाल्याकडे वळल्या. "आता सांगा यांना."

काचवाल्यानं वहीकडे बोट दाखवलं आणि मान डोलावली.

"मान डोलवू नका साहेबासारखी," बाई म्हणाल्या. "तोंडानं सांगा. आज तोंडीच चालेल."

समोर भाचा होता, तोच दमलेला सभ्य माणूस, ज्याला काल दुकानात एक वाक्य सांगता आलं असतं. काचवाला म्हणाला, "बाई काही विसरल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, मी वाचलं होतं. मला वाटलं काचेतलं मलाच जास्त कळतं, म्हणून खोडलं. साहेब आजारी पडला तेव्हा डॉक्टरसमोर मी खोटं बोललो. मग बाईंशीही बोललो." तो भाच्याकडे वळला. "काल तुम्ही आलात तेव्हाही गप्प बसलो."

भाच्याची बायको डबीकडे बघत होती. भाचा आधी मावशीकडे बघत राहिला, मग काचवाल्याकडे, आणि ते दुसरं बघणं काचवाल्याला पुढे कित्येक दिवस पुरलं.

बाईंनी भाच्यापुढे तळहात पसरला. "दूध मी खरंच विसरले होते, ते मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "हे मी विसरले नव्हते. उद्या जागा बघायला तुम्ही दोघं जाऊन या, मला दवाखान्यात जायचंय साहेबाच्या डॉक्टरकडे. तिलाही कळायला हवं."

भाच्यानं खिशातून चाव्या काढल्या तेव्हा काचवाल्याला तिकडे बघवलं नाही. चाव्या वाजल्या तेवढं त्यानं ऐकलं.

तो उठला. दारात येऊन त्यानं चपला घातल्या. बाई मागोमाग आल्या होत्या. त्यांनी वही त्याच्या हातात परत दिली.

"ही तुमच्याकडेच राहू द्या, साहेबाला लागेल," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी वही करू नका. पान याच वहीत हवं, रेघेसकट."

"हो बाई," काचवाला म्हणाला, आणि जिना उतरू लागला.